एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ : एका लढाऊ वैमानिकाची जीवनकथा



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, तलवारी, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेपुरता इतिहास पाठ करायचा आणि निकाल लागला की विसरून जायचा, असाच आपला सर्वसाधारण रिवाज आहे. परंतु इतिहास हा केवळ तीनशे-चारशे वर्षांपूर्वी घडून गेलेला नाही. तो आपल्या आजोबांच्या हयातीत घडला आणि त्यातील काही माणसे अगदी परवापरवापर्यंत आपल्यातच वावरत होती. अशाच एका माणसाची ओळख आपणास करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे. ही व्यक्ती एका राजाची किंवा सुभेदाराची नाही. ती आहे एका लढाऊ वैमानिकाची. हैदराबादेत जन्मलेला हा तरुण वयाच्या अठराव्या वर्षी विमानदलात दाखल झाला आणि सदतीस वर्षांनंतर त्याच विमानदलाचा सर्वोच्च अधिकारी झाला. पुढे तो आपल्या महाराष्ट्राचा राज्यपालही झाला. त्यांचे नाव एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ.

वाचकहो, हे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मी नववी-दहावीच्या वर्गांत अनेकदा विचारून पाहिले आहे. क्रिकेटपटूंची आणि सिनेनटांची नावे मुले धडाधड सांगतात. लतीफ यांचे नाव मात्र क्वचितच एखाद्याच्या तोंडून येते. यात दोष मुलांचा नाही. आपण वडीलधाऱ्यांनी त्यांना ते कधी सांगितलेच नाही.

जन्म, शिक्षण आणि पहिले उड्डाण

इद्रिस हसन लतीफ यांचा जन्म ९ जून १९२३ रोजी हैदराबाद येथे एका सुशिक्षित कुटुंबात झाला. त्या वेळी हैदराबाद हे निजामाचे संस्थान होते. आपला मराठवाडाही त्याच संस्थानाचा भाग होता, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. लतीफ यांचे शिक्षण तेथील प्रसिद्ध निजाम कॉलेजात झाले. घरात शिक्षणाची परंपरा होती आणि पुढे वकील, डॉक्टर, इंजिनिअर किंवा संस्थानातील मोठा अंमलदार होण्याचा राजमार्ग त्यांना मोकळा होता. परंतु या तरुणाने वेगळी वाट धरली.

तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. भारतीय विमानदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली असली, तरी १९३३ साली कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे प्रत्यक्ष काम सुरू झाले तेव्हा दलाकडे अवघी चार वापिती विमाने होती. युद्ध भडकल्यावर वैमानिकांची निकड भासू लागली आणि तरुणांची भरती वाढली. १९४१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, लतीफ या दलात दाखल झाले. अंबाला येथे त्यांचे प्रशिक्षण झाले आणि २६ जानेवारी १९४२ रोजी त्यांना कमिशन मिळाले. २६ जानेवारी ही तारीख त्यांच्या आयुष्यात पुन्हा एकदा येणार होती. ती हकीगत पुढे येईलच.

त्यांची पहिली नेमणूक कराची येथील किनारा संरक्षण तुकडीत झाली. अरबी समुद्रावर विमानातून घिरट्या घालायच्या, शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढायचा आणि आपल्या व्यापारी जहाजांच्या वाटेवर नजर ठेवायची, असे तिचे काम होते. विमाने वापिती, ऑडॅक्स, हार्ट अशी जुन्या बनावटीची, दुहेरी पंखांची होती. वैमानिकाची बैठक उघडी, तोंडावर वारा आणि खाली अथांग पाणी. वापितीचा वेग ताशी जेमतेम २०० किलोमीटर होता. आज आपल्या महामार्गावर एखादी मोटार धावते, त्याहून फार जास्त नव्हे. इंजिन बंद पडले तर खाली उतरायला जमीन नाही. अशा विमानांतून समुद्रावर जाणे म्हणजे काय असेल, याची कल्पना आपणच करावी.

१९४३-४४ च्या सुमारास निवडक भारतीय वैमानिकांना पुढील प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले, त्यांत लतीफ होते. तेथे त्यांनी हरिकेन आणि स्पिटफायर या त्या काळच्या नामांकित लढाऊ विमानांवर हात बसवला. जर्मन विमानांचा हल्ला परतवून लावणारी हीच ती विमाने. भारतात परतल्यावर त्यांना बर्मा आघाडीवर जपानी सैन्याविरुद्धच्या मोहिमेत भाग घेण्याची संधी मिळाली. सातव्या स्क्वाड्रनमध्ये त्यांनी व्हेंजन्स हे विमान चालविले. हे विमान लक्ष्याच्या डोक्यावर येऊन जवळजवळ सरळ खाली सूर मारीत असे, ठरलेल्या उंचीवर बाँब सोडीत असे आणि मग वैमानिक ते वर खेचून घेत असे. हे खेचणे क्षणभर जरी लांबले, तरी विमान जमिनीत घुसणार! खाली घनदाट अरण्य, डोंगर आणि पावसाळी ढग. ज्यांना गणितातील वेग, काळ आणि अंतराची उदाहरणे कंटाळवाणी वाटतात, त्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की या वैमानिकांना तीच उदाहरणे काही सेकंदांत, तीही मरणाच्या दारात बसून, सोडवावी लागत होती.

युद्ध संपल्यावर १९४६ साली लंडन येथे विजय संचलन झाले. त्यासाठी गेलेल्या भारतीय पथकात लतीफ यांचा समावेश होता. वय वर्षे तेवीस!

फाळणीची कसोटी

वाचकहो, आता मी आपणास या चरित्रातील सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे नेतो.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. जमीन वाटली गेली, खजिना वाटला गेला, तशीच सैन्याचीही वाटणी झाली. तोफा, रणगाडे, विमाने यांच्या याद्या झाल्या. परंतु माणसांची वाटणी कशी करायची? ज्या मुस्लिम अधिकाऱ्यांची घरे भारतात राहणाऱ्या प्रदेशात होती, त्यांना दोन्ही देशांपैकी एकाची निवड करण्याची मुभा देण्यात आली. एका कागदावर आपली इच्छा लिहून द्यायची आणि त्या एका ओळीवर पुढचे सारे आयुष्य ठरायचे!

लतीफ यांच्यापुढेही हा प्रश्न उभा राहिला. बर्माच्या युद्धकाळातील त्यांचे दोन स्नेही, असगर खान आणि नूर खान, यांनी पाकिस्तानचा मार्ग धरला होता. त्या दोघांनी लतीफ यांच्याशी संपर्क साधून त्यांनाही नव्या पाकिस्तानी विमानदलात येण्याविषयी सुचविले. लतीफ यांनी त्यांना स्पष्ट सांगितले की माझ्या दृष्टीने धर्म आणि देश या एकमेकांत गुंतवण्याच्या गोष्टी नाहीत. त्यांनी भारत निवडला.

आज ऐंशीच्या घरात वर्षे लोटल्यावर हा निर्णय आपणास सोपा वाटेल. तो सोपा नव्हता. त्या वेळची परिस्थिती थोडी बारकाईने पाहू या.

पहिली गोष्ट अशी की, ऑगस्ट १९४७ मध्ये लतीफ यांचे स्वतःचे गाव, हैदराबाद, अद्याप भारतात सामील झालेलेच नव्हते. निजामाने निर्णय लांबणीवर टाकला होता आणि संस्थानातील वातावरण दिवसेंदिवस तापत चालले होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरच हैदराबादचा प्रश्न सुटला. मराठवाड्यातील आपल्या वाचकांनी त्या दिवसांच्या कहाण्या घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकल्याच असतील. म्हणजे ज्या देशाची निवड या तरुणाने केली, त्या देशाच्या नकाशात त्याचे जन्मगाव तेव्हा पक्के बसलेही नव्हते.

दुसरी गोष्ट बढतीची. नव्या पाकिस्तानी विमानदलात अनुभवी अधिकारी मोजकेच होते. जो जाईल तो भराभर वर चढणार, हे उघड होते. आणि झालेही तसेच. असगर खान १९५७ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, पाकिस्तानी विमानदलाचे प्रमुख झाले. त्यांच्यानंतर १९६५ साली नूर खान यांना बेचाळिसाव्या वर्षी तेच पद मिळाले. लतीफ यांना आपल्या विमानदलाचे प्रमुखपद मिळाले ते १९७८ साली, पंचावन्नाव्या वर्षी. म्हणजे असगर खान यांच्या मागून एकवीस वर्षांनी! हिशेबी माणूस याला तोटा म्हणेल. परंतु देशाची निवड ही दुकानातील नफ्या-तोट्याची गोष्ट नसते, हे लतीफ यांनी न बोलता दाखवून दिले.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. जुन्या मित्रांविरुद्ध एक दिवस उभे राहावे लागेल, हे सैनिकाला कळत असते. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी विमानदलाचे नेतृत्व नूर खान करीत होते आणि आपल्या विमानदलाचे अर्जनसिंग. दोघेही एकाच जुन्या दलात घडलेले. फाळणीने केवळ प्रांत तोडले नाहीत, एका पंगतीत जेवलेली माणसे समोरासमोर उभी केली. लतीफ यांनी ही किंमत जाणूनच आपला मार्ग निवडला होता. मैत्री मैत्रीच्या जागी आणि कर्तव्य कर्तव्याच्या जागी, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणलेली होती.

पायलट ऑफिसर ते एअर चीफ मार्शल

फाळणीनंतर लतीफ यांच्याकडे चौथ्या स्क्वाड्रनचे नेतृत्व आले. या स्क्वाड्रनकडे टेम्पेस्ट ही दणकट लढाऊ विमाने होती. आणि मग आला २६ जानेवारी १९५० चा दिवस. भारत प्रजासत्ताक झाला. त्या दिवशी राजधानी दिल्लीच्या आकाशात विमानांचे जे पहिले संचलन झाले, त्याचे नेतृत्व करण्याचा मान इद्रिस लतीफ यांना मिळाला. बरोबर आठ वर्षांपूर्वी त्याच तारखेला, परक्या सम्राटाच्या नावाने, त्यांना कमिशन मिळाले होते. आता ते आपल्या प्रजासत्ताकाला आकाशातून सलामी देत होते. आपल्या संविधानाचा पहिला दिवस आणि त्या दिवशी आकाशात सर्वांत पुढे असलेला हा हैदराबादचा तरुण, हे चित्र प्रत्येक विद्यार्थ्याने मनात जपून ठेवावे असे आहे.

विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी येथे एक गोष्ट सांगतो. त्या काळी विमानदलात अधिकाऱ्यांच्या दहा पायऱ्या होत्या. पायलट ऑफिसर, फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल आणि सर्वांत वर एअर चीफ मार्शल. प्रत्येक पायरीवर चाळणी लागते. बरोबर निघालेल्यांपैकी बहुतेक जण वाटेत कुठे ना कुठे थांबतात. लतीफ या दहाही पायऱ्या चढले. कमिशनपासून शिखरापर्यंत त्यांना छत्तीस वर्षे लागली.

या छत्तीस वर्षांत विमानविद्या कुठल्या कुठे गेली. १९४८ साली आपल्याकडे व्हॅम्पायर हे पहिले जेट विमान आले. त्यामागून तूफानी, मिस्टेअर, हंटर, चिमुकले नॅट आणि १९६३ साली मिग-२१ आले. पंख्याच्या विमानांवर शिकलेल्या पिढीला प्रत्येक वेळी नव्याने विद्यार्थी व्हावे लागले. जो शिकणे थांबवील तो मागे पडेल, किंबहुना जिवाला मुकेल, असा हा पेशा आहे. एकदा पदवी पदरात पडली की पुस्तके माळ्यावर टाकणाऱ्या आपणा सर्वांना, शिक्षकांनाही, यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

१९७१ च्या युद्धाच्या वेळी लतीफ एअर व्हाइस मार्शल होते आणि मुख्यालयात योजना विभागाचे सहायक प्रमुख होते. युद्ध म्हटले की आपल्याला फक्त आकाशातील झुंज दिसते. परंतु कोणत्या तळावर किती विमाने, त्यांना किती इंधन, किती दारूगोळा, कोणता सुटा भाग कोठून आणायचा, पुढच्या वर्षी काय लागेल, याचा हिशेब आधी कोणीतरी बसून केलेला असतो. तो हिशेब चुकला तर शूर वैमानिकही जमिनीवर हात चोळीत बसतो. हे युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या शरणागतीने पूर्वेकडे त्याची अखेर झाली. त्यामागे असे अनेक अबोल हिशेबनीस होते. त्यांपैकी लतीफ एक होत. त्यांना परम विशिष्ट सेवा पदकाने गौरविण्यात आले.

३१ ऑगस्ट १९७८ रोजी विमानदलाचे प्रमुख एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर निवृत्त झाले. हेही आपल्या मुंबईत जन्मलेले, १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेत महावीर चक्र मिळविलेले लढाऊ वैमानिक. त्यांच्या हातून सूत्रे घेतली ती लतीफ यांनी. भूदल, नौदल आणि विमानदल या तिन्ही दलांचा विचार करता, एखाद्या दलाच्या प्रमुखपदी पोहोचलेले ते पहिले मुस्लिम अधिकारी होत. एका मराठी माणसाने एका हैदराबादी माणसाकडे देशाच्या आकाशाची राखण सोपविली आणि देशाने ती बाब सहजपणे स्वीकारली, हीच खरी आपल्या प्रजासत्ताकाची शोभा आहे.

प्रमुख म्हणून केलेले कार्य

लतीफ ३१ ऑगस्ट १९८१ पर्यंत, म्हणजे तीन वर्षे, प्रमुखपदी होते. या काळात त्यांनी केलेले मोठे काम म्हणजे विमानदलाचे आधुनिकीकरण. कॅनबेरा आणि हंटर ही विमाने म्हातारी होत चालली होती. शत्रूच्या मुलखात खोलवर जाऊन मारा करील अशा विमानाची मागणी वर्षानुवर्षे सरकारदरबारी पडून होती. लतीफ यांनी सूत्रे हाती घेतली आणि थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर १९७८ मध्ये, इंग्लंड व फ्रान्स यांनी मिळून बनविलेल्या जॅग्वार विमानाची निवड सरकारने मंजूर केली. सरकारला ही निकड पटवून देण्यात लतीफ यांचा मोठा वाटा होता. जुलै १९७९ मध्ये पहिली जॅग्वार विमाने अंबाला येथे उतरली. ज्या अंबाल्यात अठरा वर्षांचा लतीफ विमान चालवायला शिकला, त्याच अंबाल्यात! विमानदलाने जॅग्वारला ‘शमशेर’ हे नाव दिले. पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ती बांधलीही गेली. चाळीस वर्षे उलटून गेल्यावरही ही शमशेर म्यान झालेली नव्हती, यावरून त्या निवडीची पारख व्हावी.

याच कारकिर्दीच्या अखेरीस, १९८१ साली, सोव्हिएट युनियनकडून मिग-२५ ही विमाने आली. अतिशय उंचावरून टेहळणी करणारे हे विमान ध्वनीच्या अडीच पटींहून अधिक वेगाने जात असे आणि त्याची उंची २० किलोमीटरच्याही वर पोहोचे. बरेली येथे त्याची स्क्वाड्रन उभी राहिली. निवृत्तीच्या सुमारास लतीफ यांनी या विमानातूनही उड्डाण केले. विचार करा वाचकहो, ताशी २०० किलोमीटरच्या उघड्या वापितीपासून ध्वनीला मागे टाकणाऱ्या मिग-२५ पर्यंत एकाच माणसाचा प्रवास! अठ्ठावन्न वर्षांच्या वयात नव्या यंत्रात बसण्याची ही उमेद म्हणजेच खरे तारुण्य होय.

महाराष्ट्राचे राज्यपाल

निवृत्तीनंतर ६ मार्च १९८२ रोजी लतीफ महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि एप्रिल १९८५ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले आणि नंतर वसंतदादा पाटील यांच्या काळातील ही वर्षे राज्याला सोपी गेली नाहीत. गिरणी कामगारांचा दीर्घ संप याच काळातला आणि १९८४ च्या भिवंडी-मुंबईच्या दुर्दैवी दंगली याच काळातल्या. राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती असल्याने आपल्या शिक्षणक्षेत्राशीही त्यांचा संबंध आला.

येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. लतीफ यांच्या पत्नी बेगम बिल्कीस लतीफ या नवाब अली यावर जंग यांच्या कन्या. अली यावर जंग हे उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू राहिलेले विद्वान गृहस्थ. तेही १९७० ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. म्हणजे सासरे आणि जावई असे दोघेही मुंबईच्या राजभवनात राज्यपाल म्हणून राहिले. वांद्र्याला श्रवणदोष असलेल्यांसाठी जी राष्ट्रीय संस्था १९८३ साली स्थापन झाली, तिला अली यावर जंग यांचेच नाव आहे. बेगम बिल्कीस लतीफ यांनी राजभवनाच्या हिरवळीवर समाधान न मानता धारावीच्या वस्तीत जाऊन समाजकार्य केले, पुस्तके लिहिली आणि २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या भगिनींनी या उदाहरणाकडे जरूर पाहावे.

१९८५ ते १९८८ या काळात लतीफ फ्रान्समध्ये भारताचे राजदूत होते. त्यानंतर ते आपल्या हैदराबादला परतले. ३० एप्रिल २०१८ रोजी वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्याच शहरात त्यांचे निधन झाले.

आपण यातून काय घ्यावे?

हे चरित्र वर्गात सांगितले तेव्हा नववीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, पण आपल्याला घेतात का?” प्रश्न लहान होता, परंतु त्यामागे मोठ्या माणसांच्या पुष्कळ गोष्टी दडलेल्या होत्या. हा प्रश्न त्या मुलाने स्वतः तयार केलेला नव्हता. तो त्याने ओट्यावर, दुकानात, घरातील बोलण्यात ऐकला होता.

पालक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर भाषणाने देण्यापेक्षा वस्तुस्थितीने द्यावे हे बरे. लतीफ यांना घेतले आणि सर्वोच्च पदावर बसविले. ब्रिगेडियर मोहंमद उस्मान यांना घेतले. त्यांनीही १९४७ साली भारतच निवडला आणि ३ जुलै १९४८ रोजी काश्मीरमध्ये झांगर येथे देह ठेवला. अब्दुल हमीद हे तर साधे हवालदार. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या रणात शत्रूचे रणगाडे फोडताना ते शहीद झाले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. आजही निवड मंडळासमोर पाच दिवस मुलाखती आणि चाचण्या होतात, तेव्हा उमेदवाराच्या छातीवर क्रमांक लावलेला असतो आणि त्याच क्रमांकाने त्याला ओळखले जाते. आपली मुले अधिकारी म्हणून कमी दिसतात, हे मी नाकारीत नाही. परंतु आपल्या शाळेतून गेल्या काही वर्षांत किती मुलांनी अर्ज केला, हा प्रश्न आपण आधी स्वतःला विचारला पाहिजे. ज्या दारावर आपण थापच मारली नाही, ते बंद आहे असे म्हणण्याचा आपणास अधिकार पोहोचत नाही.

कोणी म्हणेल, लतीफ मोठ्या घरचे होते, निजाम कॉलेजात शिकले होते, आमची मुले यंत्रमागवाल्यांची, रिक्षावाल्यांची, बागवानांची. म्हणणे खरे आहे. लतीफ यांना ज्या सोयी मिळाल्या त्या आपल्या मुलांना जन्मतः मिळत नाहीत. परंतु आज काही दारे अशी आहेत, जी १९४१ साली नव्हती. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्या पुण्याजवळच आहे. तेथील शिक्षणाचा आणि राहण्या-जेवण्याचा भार सरकार उचलते. तिची प्रवेश परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस आणि विमानदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय हवेत. वैमानिक होण्याची कलचाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून तयारी पक्की हवी. दहावीनंतर अशी तयारी करून घेणारी शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगर येथे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, १९७७ पासून आहे. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून चालू आहे.

आणि मुलींविषयी सांगायचे तर, जून २०१६ मध्ये तीन तरुणी आपल्या विमानदलात लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाल्या. २०२२ पासून खडकवासल्याचे दारही मुलींना उघडले. तेव्हा आपल्या लेकीने आकाशाकडे बोट दाखविले तर तिला हसू नका.

ज्यांना विमान चालवायचे नाही, त्यांनाही या क्षेत्रात काम आहे. मिग-२१ विमाने ज्या कारखान्यात बांधली गेली, तो हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना नाशिकजवळ ओझर येथे आहे. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले, पण तोवर सहा दशके त्यांची देखभाल करणारे हात फिटरचे, वेल्डरचे, ड्राफ्ट्समनचे आणि इंजिनिअरचे होते. आयटीआयमधून निघालेला हुशार मुलगाही देशाच्या आकाशाला हातभार लावू शकतो.

विद्यार्थी मित्रहो, आजच करण्याजोग्या चार गोष्टी सांगतो आणि लेख आटोपता घेतो. गणिताला पाठ दाखवू नका. इंग्रजी वर्तमानपत्राचे एक पान रोज वाचा, मग त्यात पन्नास शब्द अडले तरी चालतील. पहाटे उठून धावा, कारण दुबळ्या शरीरात मोठे स्वप्न टिकत नाही. मोबाईलच्या पडद्यावर रात्र-रात्र डोळे जाळू नका, कारण वैमानिकाची पहिली परीक्षा डोळ्यांची असते.

पालकांनो, आपणास एकच विनंती. मुलगा बारावी झाला की त्याचे पारपत्र काढून त्याला आखाताच्या विमानात बसविण्याची घाई आपण करतो. परिस्थिती तशी असते, हे मला मान्य आहे आणि परदेशात घाम गाळून घर उभे करणाऱ्यांविषयी मला आदरच आहे. पण त्या घाईआधी एकदा, फक्त एकदा, त्याला या परीक्षेचा अर्ज भरू द्या. नापास झाला तर त्याचे काय गेले? गणित आणि इंग्रजी तर सुधारलेच. आणि पास झाला, तर विमानात प्रवासी म्हणून बसण्याऐवजी तो विमान चालविणाऱ्याच्या जागी बसेल.

इद्रिस हसन लतीफ यांनी १९४७ साली एका कागदावर आपले उत्तर लिहून दिले आणि पुढची सारी हयात ते उत्तर कृतीने सिद्ध केले. आपल्या मुलांपुढे आज तसा कठीण कागद नाही. त्यांच्यापुढे आहे तो साधा प्रवेश अर्ज. तो भरण्याची हिंमत त्यांना आपल्या घरातून आणि आपल्या शाळेतून मिळो, हीच प्रार्थना.